निळं हाड

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तशी टिश्यू रूममध्ये हाडाची गत असते. शस्त्रक्रियेत माणसाच्या अंगातून काढलेला प्रत्येक तुकडा या खोलीत येतो. मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि शेजारच्या खोलीत रोग ओळखणाऱ्या डॉक्टर मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, एवढंच इथलं काम. कातडी, आतडं, गळ्यातली गाठ, सगळं दोन दिवसांत मार्गी लागतं. हाड मात्र तसंच कापायला गेलं की पातं मोडतं. आधी ते ॲसिडमध्ये भिजवून त्यातला चुना काढावा लागतो. त्याला कधी काही तास लागतात, कधी आठवडा, आणि तोवर वॉर्डातून फोन सुरू असतात की रिपोर्ट कुठे आहे, झोपलात काय. म्हणून हाडाची बाटली दिसली की इथल्या भल्याभल्यांना कंबरदुखी आठवते.

बावीस वर्षांपूर्वी ती या खोलीत सगळ्यांत नवी होती, तेव्हा हाडांचं भांडं तिच्यापुढे सरकवण्यात आलं. "तू बघ गं जरा," एवढंच सांगितलं कोणीतरी. ती कधी कुरकुरते याची सगळे वाट बघत राहिले आणि वाट बघता बघता निवृत्त झाले. तिला ते काम आवडलं. हाड हट्टी असतं, तीही हट्टी होती, दोघांचं जमलं. पुढे तिला हाडवैद्यीणबाई असं नाव पडलं. मॅडम खुशीत असल्या की त्याच नावाने हाक मारायच्या. नुसतं 'बाई' म्हणाल्या, की समजायचं, आज काहीतरी बिनसलंय.

घरी सासूबाई, नवरा आणि दुसऱ्या शहरात शिकणारी लेक. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "आमची ही दिवसभर हाडं भिजवते, मी दिवसभर माणसं लटकवतो," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच मोठ्याने हसायचा. पाहुणे पहिल्या खेपेला हसत, पुढच्या खेपेला चहा पीत.

तिचे काही नियम होते. मांडीचं, खुब्याचं मोठं हाड मोठ्या भांड्यात, कडक ॲसिडमध्ये. बोटाबिटाचे बारीक तुकडे छोट्या बाटलीत, सौम्य ॲसिडमध्ये. दोन्हींची कधी गाठ पडू द्यायची नाही. कुठली डबी कधी टाकली आणि कधी काढायची, हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचं. हे नियम तिनेच केले होते आणि दुसऱ्याकडून मोडले गेले तर ती अर्धा दिवस बोलायची नाही.

मोडले तिनेच.

तो गुरुवार होता. एका बाईच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटातून काढलेले सहा तुकडे आले. सगळ्यांत मोठा हरभऱ्याएवढा. त्यातले चार तिने जाळीच्या डबीत घातले आणि दोन मूळ बाटलीत, फॉर्मलीनमध्ये, राखून ठेवले. इतक्यात घरून फोन आला. सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख एकदम अलीकडे आली होती, उद्याची. आज संध्याकाळच्या आत दवाखान्यात भरती व्हायचं होतं, कागद तिच्या कपाटात होते, आणि सासूबाई फोनवर नवऱ्याच्या मागून ओरडत होत्या, "तिला सांग, माझी हिरवी चादर घेऊन ये, त्या दवाखान्याच्या चादरी मला चालायच्या नाहीत." छोटी बाटली नुकतीच धुऊन पालथी घातलेली होती. ती वाळेपर्यंत, फार तर अर्धा तास, म्हणून तिने डबी मोठ्या भांड्यात सोडली. फळ्यावर लिहिलं नाही. अर्ध्या तासाचं काय लिहायचं? मग रजेचा अर्ज, मग चाव्या, मग रिक्षा. डबी राहिली ती राहिलीच. इतरांनी भांड्याला हात लावला नाही, कारण हाडवैद्यीणबाईंच्या भांड्याला हात लावायचा नसतो.

सोमवारी ती परत आली तेव्हा डबी तळाशी होती. चार दिवस. तुकडे बोटात धरले तर खोडरबरासारखे मऊ. इथे गोष्ट सांगणाऱ्याने तिची बाजू घेऊ नये. तिला तेव्हाच कळलं होतं. जास्त भिजलेल्या हाडावर रंग नीट चढत नाही, पेशी पुसट होतात, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं. पण तिने मनाशी म्हटलं, चालेल, मॅडमना काय ते दिसेल. तुकडे मेणात बसवले, काप काढले, काच दिली. मॅडमच्या टेबलावर त्या दिवशी बावन्न काचा होत्या. रिपोर्ट गेला आणि ती ते विसरली, किंवा विसरायचं ठरवलं.

तीन आठवड्यांनी दुपारी खिडकीशी एक बाई आली. पस्तिशीची, केस नीट कापलेले, उजवा हात कोटाच्या खिशात.

"इथे तुकडे ठेवतात ना, ऑपरेशनचे?"

"रिपोर्ट हवा असेल तर पुढच्या खिडकीत," हाडवैद्यीणबाईंनी मान वर न करता सांगितलं.

"रिपोर्ट आहे माझ्याकडे. मला तुकडा बघायचाय."

असं कोणी मागत नाही. लोकांना कागद हवा असतो. तिने मान वर केली.

"मी केस कापते," ती बाई म्हणाली. "माझं स्वतःचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. बोटावर गाठ आली होती, हाडासारखी टणक. गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी काढली आणि फेकून दिली, म्हणाले काही नाही. अकरा महिन्यांत परत आली. आता इथे काढली, तर रिपोर्टात लिहिलंय, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही. पुढच्या बुधवारी बोट काढणार आहेत. नुसतं बोट नाही, तळहातातलं त्याचं हाडसुद्धा." तिने खिशातून हात काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. मधल्या पेरावर अजून पट्टी होती. "कात्रीच्या एका कडीत अंगठा जातो आणि दुसऱ्या कडीत हे बोट. आता करंगळी घालून शिकतेय. पस्तिसाव्या वर्षी. म्हटलं, ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय तो एवढासा तुकडा एकदा बघावा तरी."

रुग्णाला काचा दाखवायचा नियम नव्हता, दाखवायची बंदीही नव्हती. हाडवैद्यीणबाईंनी तिच्या कागदावरचा नंबर बघितला, कप्प्यातून काच काढली आणि खिडकीकडे येता येता सवयीने उजेडात धरली.

काच गुलाबी होती. सगळीच्या सगळी. या रंगात पेशींची केंद्रकं निळी उठतात, कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, निळसर दिसते, बाकीचं गुलाबी. ही काच म्हणजे गुलाबी पाण्यात बुडवून काढल्यासारखी. तिने नंबर पुन्हा वाचला. गुरुवार आठवला. हिरवी चादर आठवली.

"हाच का?" बाईने विचारलं.

"हाच."

"एवढासा?"

"एवढासाच असतो." मग तिने विचारलं, "तुमचे एक्स-रे आहेत का? दोन्ही वेळचे?"

"आहेत, पिशवीतच आहेत. कोणी मागितले नाहीत."

"माझ्याकडे ठेवून जा. उद्या परत देते."

बाईने पाकीट दिलं. का हवंय, हे विचारलं नाही. डॉक्टरांच्या दारात हिंडून हिंडून माणूस विचारायचं सोडून देतो.

संध्याकाळी घरी ती भाजी चिरत बसली होती आणि एकच वांगं पाव तास चिरत होती. सासूबाई डोळ्याला हिरवा चष्मा लावून समोर बसल्या होत्या. एका डोळ्याने त्यांना पूर्वी दोन डोळ्यांनी दिसायचं त्याहून जास्त दिसत होतं.

"काय झालंय? कोणाचं काय केलंस?"

तिने सांगितलं. सगळं, फोनपासून.

"म्हणजे माझ्या चादरीपायी," सासूबाई म्हणाल्या.

"चादरीपायी नाही हो आई. मी फळ्यावर लिहिलं नाही."

"कोणाला ठाऊक आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हातारी म्हणाली आणि जरा थांबली. "पण ही मूठ तुझी नाहीये ना गं. त्या बाईची आहे. आणि त्यातलं एक बोट जायचंय." त्यांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "हे वांगं पुरे झालं आता. सकाळी लवकर जा."

नवऱ्याने फक्त एवढं विचारलं, "नोकरीचं काय होईल?" ती म्हणाली, ठाऊक नाही. तो म्हणाला, बरं. त्या बऱ्यात काळजी होती, पण अडवणूक नव्हती, आणि तिला त्याचं बरं वाटलं.

सकाळी मॅडम यायच्या आधीच ती त्यांच्या दाराशी उभी होती. मॅडम तिच्याहून सात वर्षांनी लहान, तिखट, कामाला वाघ. चूक कोणाची हे शोधण्यात वेळ घालवायच्या नाहीत, ती सापडेपर्यंत सगळ्यांवर ओरडायचं, अशी त्यांची पद्धत होती.

"मॅडम, या काचेची चूक माझी आहे," तिने एका दमात सांगून टाकलं. "बोटाचे तुकडे चार दिवस कडक ॲसिडमध्ये राहिले. मला सोमवारी कळलं होतं. मी बोलले नाही."

मॅडमनी काच लावली, बघितली. खूप वेळ बघितली.

"बाई," त्या म्हणाल्या.

आणि मग जे काही बोलल्या ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. टिश्यू रूममधल्या सगळ्यांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं, आणि हाडवैद्यीणबाईंनी उभं राहून ऐकलं. मॅडम दमल्यावर ती म्हणाली, "दोन तुकडे शिल्लक आहेत. फॉर्मलीनमध्ये. रिपोर्टनंतर चार आठवडे ठेवतो ते. पुढच्या शनिवारी फेकायचे होते. त्यातला एक चपटा आहे, गाठीच्या बुडाचा, बोटाच्या हाडाच्या पापुद्र्यासकट. आणि हे एक्स-रे."

मॅडमनी एक्स-रेचं पाकीट घेतलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"एक्स-रे मी मागवायला हवा होता," त्या म्हणाल्या. "आणि काच गुलाबी आहे हे मलाही दिसलं होतं, बाई. मी विचारलं नाही. एकदा गेलेली गाठ वर्षाच्या आत परत आली, पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या दिसल्या, आणि मी लिहून टाकलं."

दोघी एक्स-रेच्या डॉक्टरांकडे गेल्या. हा मोठा गमत्या माणूस. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून लोकांच्या हाडांवर कोट्या करायचा. त्याने दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या आणि त्याची कोटी तोंडातच राहिली.

"याला कर्करोग कोण म्हणतंय?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

"अहो, बघा ना. गाठ हाडावर बसलीये. खालची रेघ, ही पांढरी, अखंड आहे. कुठे कुरतडलेली नाही. आतल्या पोकळीशी या गाठीचा काही संबंध नाही. भिंतीवर बाहेरून गिलाव्याचा गोळा मारावा तसं आहे. हाताच्या-पायाच्या बारीक हाडांवर असं काहीतरी उगवतं, दुर्मीळ आहे, पण निरुपद्रवी. काढलं तर निम्म्या वेळा परत येतं, म्हणून लोक घाबरतात." मग न राहवून म्हणाला, "गाठ भित्री नाही, आपण भित्रे."

"त्यातलं हाड निळं दिसतं," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या आता त्याच्याशी बोलत नव्हत्या, आठवत होत्या. "काचेवर. कूर्चेचं हाड होता होता मधेच एक निळं हाड तयार होतं. पेशी बघून वाटतं की कर्करोगच, इतक्या विचित्र असतात. त्या निळ्या हाडावरून ओळखायचं. मी आजवर दोनदाच बघितलंय." त्या हाडवैद्यीणबाईंकडे वळल्या. "आणि ॲसिड जास्त झालं की पहिला जातो तो हा निळा रंगच."

मॅडमनी फिल्म पाकिटात घातल्या आणि दोघी परत निघाल्या.

आता खरा प्रश्न. एक्स-रे काहीही सांगो, मॅडमचा लेखी रिपोर्ट कर्करोगाची शक्यता सांगत होता, आणि नुसत्या फिल्मवर सर्जन तो बाजूला ठेवणार नव्हते. काच हवी. राहिलेल्या दोन तुकड्यांची, निळं दाखवणारी. ॲसिड नको, म्हणजे ईडीटीएच्या मवाळ पाण्यात ठेवायचं. ते पाणी चुना काढतं, पण सरकारी कचेरीच्या वेगाने. या तुकड्यांना आठ दिवस तरी. बोट काढायला राहिले होते पाच.

मॅडमनी सर्जनना फोन लावला. सर्जन म्हणाले, थिएटर ठरलंय, पेशंट तयार आहे, अशी गाठ ठेवून बसलो आणि पसरली तर जबाबदार कोण? मॅडम म्हणाल्या, मी. ते म्हणाले, बुधवारनंतरच्या सोमवारपासून आठवडाभर मी परदेशी. मॅडम म्हणाल्या, मग आल्यावर करा. खूप वेळ वाद झाला. शेवटी ते म्हणाले, बुधवारनंतरच्या शनिवारी दुपारपर्यंत थांबतो. त्या वेळी काच नसेल तर रविवारी सकाळी मी करून टाकणार, मग निघणार. शनिवारी दुपारी म्हणजे आठ दिवस पुरे होत होते, जेमतेम.

त्या आठ दिवसांत हाडवैद्यीणबाईंनी दुसरं काम केलं, पण लक्ष त्या एका बाटलीवर. बाटलीवर तिने नाव, नंबर आणि 'कोणी हात लावू नये' असं लिहिलं, तसा तो कोणी लावलाच नसता. रोज दोनदा पाणी बदललं. बाटली हलवणाऱ्या यंत्राचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली पुठ्ठा सारला. रजा होती त्या दिवशीही आली. तिच्या चार वर्षं मागून आलेला, नेहमी कंबरदुखीचा सहकारी म्हणाला, "अहो, दोन थेंब ॲसिड टाका, उद्या मोकळ्या व्हाल. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ती म्हणाली. "मागच्या वेळी कळलं होतंच."

चौथ्या दिवशी तुकडे दगड होते. सहाव्या दिवशी कडा थोडी वाकली. गुरुवारी मॅडम स्वतः टिश्यू रूममध्ये आल्या, जे त्या कधी करत नसत.

"सर्जनचा फोन होता. आज कापून बघा. थोडं कडक असलं तरी चालेल."

"नाही मॅडम."

"नाही म्हणजे?"

"पातं अडकलं की बुडाचा पापुद्रा फाटेल. गाठ आणि हाड यांच्यामधली रेघ त्याच तुकड्यात आहे. तसा दुसरा तुकडा नाही. तिसरी संधी नाही." ती जागची हलली नाही. "उद्या संध्याकाळी काढते. रात्रभर मेण मुरवणाऱ्या मशीनमध्ये राहतील, शनिवारी सकाळी मेणात बसवते, दुपारी काच तुमच्या टेबलावर. तेवढं द्या मला."

बावीस वर्षांत ती कोणत्याच डॉक्टरला नाही म्हणाली नव्हती. मॅडमनी तिच्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं.

"एक वाजता," त्या म्हणाल्या. "एक वाजून एक मिनिट नाही."

शनिवारी सकाळी ती सात वाजता आली. मेण थंड केलं, नवं पातं लावलं. पहिला काप फाटला. दुसऱ्यावर सुरकुती आली. तिने हात पुसले, पाणी प्यायली, ठोकळा पुन्हा बर्फावर ठेवला आणि दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली. घाई झाली की ती अशी बसते. बघणाऱ्याला वाटतं, हिला काही पडलेलं नाही. तिसऱ्या खेपेला कापांची पट्टी सलग, अखंड उतरली. कोमट पाण्यावर तरंगवून तिने ती काचेवर घेतली, वाळवली, रंगवली. पावणेएकला तिने काच उजेडात धरली आणि बघून लगेच खाली केली. आपल्याला हवं ते आपल्याला दिसतं, हे तिला ठाऊक होतं. मॅडमना दिसायला हवं.

मॅडम बघत राहिल्या. काच डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. हाडवैद्यीणबाई खुर्चीमागे उभी होती आणि आपले हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"बसा," मॅडम म्हणाल्या आणि सूक्ष्मदर्शकाची दुसरी भिंगं तिच्याकडे वळवली. "बघा."

कूर्चा होती, मोठमोठ्या, वेडगळ पेशींची. तिच्याखाली दोऱ्यांसारख्या पेशी. त्यांच्यामधून, नकाशात नदी दाखवतात तसं, वाकडं तिकडं निळं हाड गेलं होतं. आणि सगळ्याच्या बुडाशी, एका सरळ रेघेत, बोटाचं स्वतःचं जुनं हाड, शांत, अखंड, कोणी न चावलेलं.

"हाडवैद्यीणबाई," मॅडम म्हणाल्या, "निळं आहे."

तिला रडू आलं. तिने लपवलं नाही.

दीड वाजता सर्जनना फोन झाला आणि रविवारचं ऑपरेशन रद्द झालं. मॅडमनी सुधारित रिपोर्ट लिहिला: हाडाच्या पृष्ठभागावरची निरुपद्रवी वाढ, कर्करोग नाही, बोट काढण्याची गरज नाही, पुन्हा येण्याची शक्यता आहे. खाली कारणही लिहिलं, की पहिला नमुना तयार करताना विभागाकडून दोष राहिला. 'विभागाकडून' हा शब्द हाडवैद्यीणबाईंनी वाचला आणि तिला तो पुरला नाही.

सोमवारी केस कापणारी बाई कागद न्यायला आली. आनंदाने तिचा चेहरा कसा झाला होता, हे सांगत बसत नाही. तिने खिडकीतून हात आत घातला आणि हाडवैद्यीणबाईंचा हात धरला. "तुमच्यामुळे," ती म्हणत राहिली, "तुमच्यामुळे." मागे उभी असलेली माणसंही हसू लागली.

गप्प बसायची याहून चांगली वेळ मिळाली नसती.

"एक मिनिट," हाडवैद्यीणबाई म्हणाल्या. "पहिला रिपोर्टही माझ्यामुळेच होता." आणि त्यांनी सांगितलं. भांडं, चार दिवस, सोमवारी कळलं होतं ते, गप्प बसल्या ते.

बाईचा हात हळूहळू मागे गेला.

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"मी एक खुर्ची विकली," बाई म्हणाली. "एका हाताने दोन खुर्च्या सांभाळता येणार नाहीत म्हणून. हाताखालच्या मुलीला दुसरं काम बघ म्हटलं. माझ्या आईला सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही." आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि तुम्ही मला तुकडा दाखवलात, एवढासाच असतो म्हणालात."

"हो."

"मला सांगितलं नसतं तर कळलंही नसतं."

"नसतं. पण ही गाठ परत येऊ शकते. आली तर तुकडा याच खोलीत येईल. तो कोणाच्या हातात जातो, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं."

बाईने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि निघून गेली. हाडवैद्यीणबाईंनी पुढच्याचा नंबर विचारला. त्या दिवशी घरी तिने सासूबाईंना सांगितलं की सांगून टाकलं. सासूबाईंनी विचारलं, मग काय म्हणाली? काही नाही, ती म्हणाली. "बरोबर आहे तिचं," म्हातारी म्हणाली. "तुला शाबासकी द्यायला ती काय तुझी सासू आहे?"

वरून एक लेखी ताकीद आली, ती तिने सही करून परत केली. काम चालू राहिलं. त्या बाईचं पुढे काय झालं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि चौकशी करायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी, चौदा महिन्यांनी, सकाळी खिडकीची काच कोणीतरी वाजवली. तिने वर बघितलं. तीच बाई. उजव्या हाताच्या त्याच बोटाला ताजी, जाड पट्टी. डाव्या हातात फॉर्मलीनची छोटी बाटली आणि फॉर्म.

नमुने पोचवायला इमारतीत माणूस असतो. पेशंटने स्वतःचा तुकडा स्वतः आणायचा नसतो.

"ते नको म्हणत होते," बाई म्हणाली. "म्हटलं, मी स्वतः नेणार, आणि तिच्याच हातात देणार. तिथे भांडले मी." तिने बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली, पण हात काढला नाही. "पुन्हा आली. तुम्ही म्हणाला होतात तशी."

"दुखतंय का?"

"दुखतंय. बोट आहे ना जागेवर, म्हणून दुखतंय." क्षणभर ती हसेल असं वाटलं. "किती दिवस लागतील?"

"नीट करायचं तर आठ."

बाईने बाटलीवरचा हात काढून घेतला.

"लागू देत," ती म्हणाली.